कोर्टाच्या थैलीची दोरी

न्यायाधीशांनी सरकारपुढे पैशांसाठी तोंड वेंगाडू नये, असे मानणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. एप्रिल २०१६ मध्ये सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर पंतप्रधानांसमोर बोलताना गहिवरले, तेव्हा ‘हे न्यायासनाला शोभते का?’ असा सूर निघालाच. ठाकूर नवे काही मागत नव्हते. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत, ही विधी आयोगाची शिफारस १९८७ सालची. म्हणजे शोभेल अशा भाषेत एकोणतीस वर्षे मागूनही पदरात फारसे काही पडले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पैसा आहे, तो खर्चच होत नाही. आकडाही सरन्यायाधीशांचाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन करताना एन. व्ही. रमणा म्हणाले, की केंद्राच्या योजनेतून २०१९-२० साली मंजूर झालेल्या ९८१.९८ कोटींपैकी खर्ची पडले ८४.९ कोटी, तेही पाच राज्यांत मिळून. पण हे पैसे न्यायाधीशांच्या कपाटात पडून नव्हते. बहुतेक राज्यांना या योजनेत ४० टक्के वाटा घालावा लागतो. प्रस्ताव न्यायालयाचा, मान्यता विधी व न्याय विभागाची, शेरा वित्त विभागाचा, निविदा सार्वजनिक बांधकाम खात्याची. फाइल कुठेही अडली तरी बोल मात्र कोर्टाला. त्याच भाषणात रमणांनी सांगितले, की २६ टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह नाही. १६ टक्क्यांत तर पुरुषांसाठीही नाही. साक्षीला आलेली बाई बोर्डावरचा नंबर येईपर्यंत पाणी न पिता बसून राहते, तिची गैरसोय ही कोणाची चैन?

सुट्ट्या आणि तारखांबद्दलची तक्रार खरी आहे. पण सुट्ट्या कापून रिकामी पदे भरत नाहीत.

पैसा नाही ही सबब जलद न्यायाच्या हक्कापुढे चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच हुसैनारा खातून खटल्यात, बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या निमित्ताने, सुनावले आहे. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च घटनेच्या कलम २२९ नुसार राज्याच्या संचित निधीवर भारित असतो. विधिमंडळात त्यावर मतदान होत नाही. तालुका-जिल्हा न्यायालयांना हे कवच नाही, आणि बहुसंख्य खटले तर तिथेच तुंबलेले. त्यातून सरकार स्वतःच देशातला सर्वांत मोठा पक्षकार. भूसंपादनाचा वाढीव मोबदला मागायला शेतकरी ज्या कोर्टात सरकारविरुद्ध उभा राहतो, त्या कोर्टाला खोल्या किती आणि स्टेनो किती, हे ठरवणार प्रतिवादी! मला या साऱ्या वादात हीच गोष्ट सर्वांत खटकते. गळके छप्पर त्यानंतर.

म्हणून रमणांनी सुचवलेले न्यायालयांसाठीचे स्वतंत्र राष्ट्रीय पायाभूत सुविधा प्राधिकरण योग्य होते. दिल्लीतून सगळे चालेल ही राज्यांची धास्ती मात्र अगदीच पोकळ नव्हती. मग ते राज्यापुरते करा. महालेखापरीक्षकांनी पै-पैचा हिशेब तपासावा, त्यात न्यायाधीशांनी कुरकुर करू नये. मुंबई उच्च न्यायालयाची वांद्र्यातली नवी इमारत सप्ततारांकित हॉटेल होऊ नये, असे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनीच २०२५ मध्ये बजावले होते. पण जिल्हा न्यायालयांचा वार्षिक निधी दाखल खटल्यांच्या प्रमाणात आधीच ठरावा आणि तो भारित खर्चात टाकावा. दर मार्चमध्ये मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायला न्यायाधीशांना लावू नये.