श्रद्धेला आकड्यांचा टेकू कशाला?

ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प. कल्प 432 कोटी वर्षांचा आणि विज्ञानाने काढलेले पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी. तेव्हा सृष्टीच्या उत्पत्तीचे ज्ञान पुराणकारांना होतेच, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. धर्म आणि विज्ञान यांचा मेळ घालण्याची इच्छा चांगलीच आहे, पण हा मार्ग दोघांवरही अन्याय करतो. 432 कोटी ही कल्पाची पूर्ण मुदत झाली. लोटलेला काळ वेगळा. पूजेच्या संकल्पात श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर आणि अठ्ठाविसावे कलियुग यांचा उच्चार होतो. त्याच गणिताने मोजले तर कल्पारंभापासून सुमारे 197 कोटी वर्षे होतात. ती पृथ्वीच्या वयाच्या निम्मीही नाहीत, आणि विश्वाचे वय तर सुमारे 1380 कोटी वर्षे आहे.

मग 197 कोटींचा तरी मेळ घालावा, असे कोणी म्हणेल. एकेकाळी तोही बसला असता. दूर जाणाऱ्या दीर्घिकांच्या हबलने 1929 मध्ये केलेल्या मोजमापांवरून विश्वाचे वय 200 कोटी वर्षांच्या आसपास येत होते. 1952 मध्ये वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे सुमारे दुप्पट असल्याचे दाखवले आणि तो हिशेब कोसळला. 1956 मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी अशनींमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे ठरवले. पुराव्यानुसार आकडा बदलणे हे विज्ञानाचे बळ आहे. त्याच आकड्यावर श्रद्धा उभी केली, तर प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिला हादरा बसतो. सृष्टी इसवी सनपूर्व 4004 मध्ये निर्माण झाली, असे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये बायबलवरून काढलेले गणितही असेच निकालात निघाले. अशर हजारांत मोजत होते, आपले पूर्वज कोटींत. त्या विशाल कल्पनाशक्तीचा गौरव जरूर करावा. तिला मोजमाप म्हणू नये.

उलट बाजूने बुद्धिवादी विचारतात, मग सृष्टिकर्त्यावरची श्रद्धाच का सोडू नये? त्यांनी जॉर्ज लमेत्र यांच्याकडे पाहावे. हे बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू. विस्तारणाऱ्या विश्वाची मांडणी त्यांनी 1927 मध्ये, हबलच्याही आधी केली. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या नव्या विश्वशास्त्रात निर्मितीच्या श्रद्धेला दुजोरा पाहिला. पण आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा आहे, हीच लमेत्र यांची भूमिका राहिली. विश्व किती जुने, ते कसे घडले, याचा निवाडा दुर्बीण आणि गणित करतील. मुळात काही आहेच का, आणि या असण्यापुढे माणसाने कसे वागावे, हे प्रश्न कोणत्याही वयाच्या विश्वात उरतातच.

तारखा आणि आकडे सोडले तर श्रद्धेत उरते काय, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर ऋग्वेदातच आहे. नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाविषयी प्रश्न विचारत जाते आणि परमव्योमातल्या अध्यक्षाला तरी तो ठाऊक असेल का, या शंकेपाशी थांबते. इतकी निर्भय जिज्ञासा ज्या परंपरेत पवित्र मानली गेली, तिला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणून शाळेत 1380 कोटी वर्षे कोणतीही पुस्ती न जोडता शिकवावीत, आणि भाविकाने आपली प्रार्थना कोणताही हिशेब न मांडता करावी. यात दोघांचाही मान राहतो.