भुकेला तिकीट लावू नका



शाळांना सुट्टी लागली, की आपल्या नगर जिल्ह्यातून गाड्या भरभरून निघतात. कुणी शिर्डीच्या वॉटर पार्कला, कुणी लोणावळ्याला, कुणी थेट खोपोलीच्या इमॅजिकाला. आणि परत आल्यावर घरोघरी तेच वाक्य ऐकू येतं, "तिकिटाचं काही नाही हो, खाण्यापिण्यानं कंबरडं मोडलं."

त्यावर एक ठरलेलं उत्तर असतं. "एवढे हजारो रुपये मौजेला घातलेत, मग शे-दोनशेसाठी कुरकुर कशाला? परवडत नसेल तर जाऊ नये." हे उत्तर देणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी सुट्टीचा डबा कधी बांधलेला नसतो. मला हे उत्तर पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. महाग विकणं हा गुन्हा नाही. आपण व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका आहोत, नफा हा शब्द आपल्याला वर्ज्य नाही. नाक्यावरचा वडा आणि पंचतारांकित हॉटेलातला वडा एका भावात मिळणार नाही, हे मलाही समजतं. माझा आक्षेप दोन गोष्टी एकत्र करण्याला आहे. फाटकावर माणसाचा डबा काढून घ्यायचा आणि आत त्यालाच तिप्पट-चौपट भावानं खायला लावायचं. यातली कुठलीही एक गोष्ट एकटी असेल तर सहन करता येते. दोन्ही एकत्र आल्या, की तो व्यापार राहत नाही, अडवणूक होते.

बी.कॉम.ला आम्हाला परिव्यय लेखा शिकवायचे. त्यातला पहिला धडा असा, की कुठला खर्च कुठल्या वस्तूवर टाकायचा हे आधी ठरवा. पार्कवाल्यांचे खर्च मोठे आहेत, हे मान्यच. पाणी सतत गाळायचं, यंत्रं तपासायची, जीवरक्षक ठेवायचे, कर्जाचं व्याज भरायचं, शिवाय गर्दी फक्त सुट्टीत आणि शनिवार-रविवारी. पण हा सगळा खर्च पाळण्यांचा आणि घसरगुंड्यांचा आहे. तो तिकिटात धरायचा. तिकिटात तो धरलेला असतोच. मग तोच खर्च पुन्हा पावभाजीच्या ताटलीवर कशाला?

आता ताटलीचा खरा खर्च बघू. माझ्या स्वयंपाकघरात एक किलो कणकेचे तीसेक मेथीचे थेपले होतात. पीठ, मेथी, तेल, दही, मसाला आणि गॅस धरून साधारण सव्वाशे रुपये लागतात. म्हणजे एक थेपला चार-साडेचार रुपयांना पडला. घरचा हिशेब नको असेल तर सरकारी घ्या. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. गिऱ्हाईकाकडून १० रुपये घ्यायचे आणि बाकीचं अनुदान सरकारनं द्यायचं. त्या वेळी सरकारनं एका थाळीची पूर्ण किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती. त्यात केंद्र चालवणाऱ्याची मजुरीही आली. त्यानंतर महागाई वाढली, म्हणून पन्नासाचे ऐंशी धरा, शंभर धरा. पार्कातली जागा, गणवेशातली मुलं, वाया जाणारा माल, सगळं धरून दुप्पट करा. तरी साध्या जेवणाचा भाव कुठे थांबायला हवा, हे कुठलीही गृहिणी बोटांवर सांगेल. त्यापुढचा जो आकडा असतो तो अन्नाचा नसतो. आत अडकलेल्या माणसाच्या नाइलाजाचा तो भाव असतो.

हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. वॉल्टर ओय नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये डिस्नेलँडच्या तिकिटांवर एक निबंध लिहिला. मालकानं फाटकावर जास्त घ्यावं, की आतल्या प्रत्येक पाळण्याला वेगळे पैसे लावावेत, हा त्याचा विषय. तेव्हा तिथे पाळण्यांना वेगवेगळी तिकिटं असायची, आज ती पद्धत राहिलेली नाही. पण तोच खेळ आता खाण्याच्या खिडकीवर खेळला जातो. फाटकावर एक रक्कम दाखवायची आणि उरलेली आत, भूक लागल्यावर काढायची.

याच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे, तो मी टाळणार नाही. सिनेमागृहाबद्दल अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, की पॉपकॉर्न महाग ठेवल्यामुळे तिकीट कमी ठेवता येतं. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पॉपकॉर्न घेतो, ज्याच्याकडे नाहीत तो नुसता सिनेमा बघून घरी जातो, म्हणजे गरिबाचा फायदाच. सिनेमापुरतं हे खरं असेलही. अडीच-तीन तास पॉपकॉर्नशिवाय कुणाचं अडत नाही. पण वॉटर पार्कमध्ये आपण सकाळी शिरतो आणि संध्याकाळी बाहेर येतो. मध्ये दुपारचं जेवण येतं. पाण्यात खेळून आलेल्या आठ वर्षांच्या पोराला "आज जेवू नकोस" म्हणून कुणी सांगू शकतं का? पॉपकॉर्न ऐच्छिक आहे, जेवण नाही.

कुणी म्हणेल, "खाण्याचे भाव उतरवले तर ते तिकीट वाढवतील." वाढवू द्या! तिकिटाचा आकडा मला घरी बसून दिसतो. तो बघून जायचं की नाही, किती जणांनी जायचं, हे मी ठरवू शकते. मुलं भिजून, भुकेजून समोर उभी असताना जो आकडा दिसतो, त्यावर काय ठरवणार? बघून नाकारता येते तीच किंमत प्रामाणिक.

आता कायद्याकडे वळू, कारण "कायदा आमच्या बाजूने आहे" असं ठणकावून सांगितलं जातं. बंद पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा दुकानदारानं जास्त घेऊ नये, हा २०११ च्या वैध मापन नियमांतला नियम आहे. एकाच वस्तूवर दोन ठिकाणांसाठी दोन वेगळ्या किमती छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. मात्र डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलांच्या बाजूने निकाल दिला. हॉटेलात माणूस नुसती पाण्याची बाटली घ्यायला जात नाही, तिथलं वातावरण आणि सेवा यांचाही उपभोग घेतो, म्हणून तिथे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येईल, असा त्याचा आशय.

ठीक आहे. पण हाच न्याय पार्कातल्या खिडकीला लावून बघा. ओल्या कपड्यांत, अनवाणी, रांगेत उभं राहून बाटली स्वतःच्या हातानं उचलायची. यात सेवा कुठली? आणि वातावरणाचे पैसे तर आपण सकाळी फाटकावरच मोजलेले असतात! तिकीट म्हणजे दुसरं काय? एकाच वातावरणाचे दोनदा पैसे घेणं हे कुठल्याही खतावणीत बसणार नाही.

दुसरा निकाल ३ जानेवारी २०२३ चा, सिनेमागृहांबद्दलचा. सिनेमागृह ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. जिलेबी खाऊन खुर्चीला हात पुसले तर काय, असा प्रश्नही सुनावणीत निघाला होता. लोक हे अर्धंच सांगतात. त्याच वेळी न्यायालयानं हेही नोंदवलं, की सिनेमागृहांनी पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांना खाणं आणता यायला हवं. म्हणजे मालकाचा हक्क मानतानाही तहान आणि बाळाची भूक बाजूला काढून ठेवली. तीन तासांच्या सिनेमाला एवढी माणुसकी लागते, तर आठ तासांच्या पार्कला किती लागावी?

आपल्या राज्यात २०१८ साली मल्टिप्लेक्समधल्या खाण्यावरून असाच गदारोळ झाला होता. जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांनी सांगितलं, बाहेरचं खाणं नेता येईल. महिन्याभरातच सरकारनं उच्च न्यायालयात सुरक्षेचं कारण पुढे केलं आणि गोष्ट तिथेच विरली. तेव्हा सरकारच्या भरवशावर बसून काही व्हायचं नाही, हे एकदा समजून घेऊ या.

हा सगळा खटाटोप कुणासाठी? माझ्या घरच्यांसाठी नाही. आम्ही बोटं मोडत का होईना, बिल भरतो. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी गेल्या उन्हाळ्यात भिशी उचलून नवरा आणि दोन मुलांना एका वॉटर पार्कला नेलं. पार्कचं नाव घेत नाही. पहाटे उठून चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि मटकीची उसळ बांधली. फाटकावर डबा ठेवून घेतला. आतले भाव बघून त्यांनी दोन ताटल्या घेतल्या, मुलांना दिल्या. दोघं नवरा-बायको दिवसभर पाण्यावर राहिली. संध्याकाळी डबा परत मिळाला तेव्हा मे महिन्याच्या उन्हात उसळ आंबून गेली होती. "काकू, पोरं लई खुश झाली," एवढंच त्या मला म्हणाल्या. तक्रार केली नाही. परवडत नसेल तर जाऊ नये म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे, या बाईंना परवडलं नव्हतं का? तिकीट त्यांनी पूर्ण भरलं होतं. जेवणही त्यांनी घरून आणलं होतं. त्यांना न परवडणारी गोष्ट फक्त एकच होती, ती म्हणजे फाटकावरचा नियम.

आपल्या जैन घरांची अडचण आणखी वेगळी. कांदा, लसूण, बटाटा नाही आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. आतल्या खिडक्यांवर बघा काय असतं ते. वडापाव, बटाट्याच्या सळ्या, पावभाजी, कांद्याची भजी. डबा काढून घेतल्यावर आपल्यासाठी उरतं काय, आइस्क्रीम नाहीतर वेफर्स, तेही केळ्याचे असले तर. हीच गत मधुमेह असलेल्या आजोबांची, पथ्यावरच्या बाळंतिणीची. यांचा डबा ही चैन नाही, गरज आहे.

"बाहेरच्या खाण्यानं घाण होते, काचा फुटतात, दारू येते," असं कारण देतात. मग काच आणि दारू अडवा ना! चपातीनं कुणाचा पाय कापल्याचं मी ऐकलेलं नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत घरचं खाणं नेता येतं. काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये मात्र बंदी होती. २०१९ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीनं त्यावर दावा ठोकला. तिच्याजवळचा खाऊ होता अवघ्या ४६ युआनचा. शेवटी पार्कनं तिला ५० युआन देऊन तडजोड केली आणि सगळ्यांसाठीच नियम बदलला. एवढं मोठं पार्क काही त्यामुळे बंद पडलं नाही.

भाव खाली आणता येतात, याचं उदाहरण आपल्या देशातही आहे. विमानतळावरचा चहा म्हणजे लुटीची म्हणच झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे उघडला. चहा १० रुपये, पाण्याची बाटली १० रुपये, समोसा २० रुपये. महागडी दुकानंही शेजारीच राहिली. ज्याला हवं त्यानं तिथे जावं. माझं मागणं एवढंच आहे, की आत एक तरी खिडकी साध्या माणसाची असावी.

म्हणून पार्कवाल्यांकडे चार मागण्या. पिण्याचं स्वच्छ पाणी जागोजागी फुकट असावं. बंद पाकीट आणि बाटली छापील किमतीला मिळावी. एक साधी थाळी रास्त भावात असावी आणि तिचा दर तिकिटाशेजारीच छापावा. आणि पाण्यापासून दूर एक डबा-कट्टा करावा, तिथे घरचं खाता यावं. हवं तर कट्ट्याच्या सफाईचे माणशी दहा-वीस रुपये घ्या, आम्ही देऊ.

हे सांगायला आपल्याला मुंबई-दिल्लीला जायचं कारण नाही. २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकाचा कारभार २०२२ पासून आपल्याच संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. शिर्डीचं वेट एन जॉय आणि साई तीर्थही त्यांनीच उभारलेलं. कुणावर ठपका ठेवायला मी ही नावं घेत नाही. जिल्ह्याचीच माणसं या धंद्यात पुढे आहेत, तर चांगल्या पद्धतीचा पायंडाही आपल्याच जिल्ह्यानं पाडावा, एवढंच म्हणणं आहे.

आपल्या हातात काय आहे? महिला मंडळाची, शाळेची किंवा सोसायटीची सहल ठरवताना आधी फोन करा. डबा चालेल का, पाणी फुकट आहे का, थाळी कितीला, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. पन्नास-साठ जणांचं बुकिंग हातचं जातंय म्हटल्यावर नियम कसा वाकतो ते बघाच. बंद बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. दहा जणी गप्प बसतात म्हणून अकरावीलाही गप्प बसावं लागतं.

येत्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे. दिवाळीच्या सुट्टीतली मुलांची सहल तिथेच ठरेल. हे तीन प्रश्न मी कागदावर लिहून नेणार आहे.