दावा मांडायला रकाना हवा

५ जुलै २०२४ रोजी आयकर विभागाने ई-फायलिंगची युटिलिटी बदलली. कायद्यातला एक शब्दही त्या दिवशी बदलला नव्हता; तरी अनेक लहान करदात्यांचा कर बदलला.

साधे गणित पाहा. कर निर्धारण वर्ष २०२४-२५, नवी करप्रणाली. प्रमाणित वजावटीनंतर पगार पाच लाख, शेअरविक्रीतून कलम १११ए खालचा अल्पकालीन नफा एक लाख. पगारावरचा कर १०,००० रुपये, नफ्यावर १५ टक्क्यांनी १५,०००. एकूण २५,००० आणि कलम ८७ए खालच्या रिबेटची कमाल मर्यादाही तेवढीच. बदलाआधी रिटर्न भरणाऱ्याला देय कर शून्य. बदलानंतर भरणाऱ्याला रिबेट मिळाला फक्त १०,००० आणि सेससह १५,६०० रुपये भरणे आले. रिबेटच्या रकान्यातला आकडा आपण होऊन वाढवायची सोयच नव्हती.

विशेष दराने आकारलेल्या करावर नव्या प्रणालीत रिबेट नाही, अशी विभागाची भूमिका. पण दीर्घकालीन नफ्यावर रिबेट नाही हे कलम ११२ए मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. कलम १११ए मध्ये तसे काही नाही. कायद्याचे असे दोन अर्थ निघत असतील, तर निवाडा अधिकाऱ्याने, न्यायाधिकरणाने, न्यायालयाने करायचा. सॉफ्टवेअरने नव्हे.

मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था हाच मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. अंतरिम आदेशानंतर निवासी व्यक्तींसाठी विलंबित व सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली आणि २४ जानेवारीला निकाल आला. रिबेट द्यावा की नाही, हा प्रश्न न्यायालयाने खुला ठेवला. दावा मांडण्याची वाटच युटिलिटीने बंद करता कामा नये, हे मात्र ठामपणे सांगितले. पोर्टल देशभर एकच असल्याने मुंबईत लढलेल्या या लढ्याचा लाभ लखनौच्या गोमती नगरातल्या करदात्यालाही झाला आणि सोलापूरच्याही.

पुढे २०२५ च्या वित्त अधिनियमाने विशेष दराच्या उत्पन्नावरचा रिबेट कर निर्धारण वर्ष २०२६-२७ पासून काढून घेतला. निर्णय पटो न पटो, मार्ग हाच योग्य. संसदेने कायदा बदलावा, मग त्याप्रमाणे युटिलिटी बदलावी.

आपल्या करसल्लागारांच्या व्यवसायाने यातून सवयी बदलायला हव्यात. कर आधी कलमांवरून काढावा, युटिलिटीचा आकडा नंतर पाहावा. तफावत दिसली तर थेट कलम उघडावे. ‘पोर्टल घेत नाही’ हे पक्षकाराला द्यायचे उत्तर नव्हे. युटिलिटीची आवृत्ती, तारीख, स्क्रीनशॉट आणि तक्रारीचा क्रमांक फाइलला लावावा. दावा वादग्रस्त असेल तर मागणीची नोटीस आणि व्याज येऊ शकते, हे पक्षकाराला लेखी कळवावे. आणि असा अनुभव आपल्या संघटनेकडे त्याच आठवड्यात पाठवावा. एकट्याची तक्रार पोर्टलवर पडून राहते. शंभर जणांच्या नोंदी एकत्र आल्या की याचिका उभी राहते.

विभागाकडे आमची मागणी एवढीच. हंगामाच्या मध्यात युटिलिटी बदलली तर कोणत्या कलमाच्या आधारे, ते त्याच दिवशी जाहीर करावे. वादाचा दावा अडवू नये; तो घ्यावा आणि कलम १४३ खाली तपासावा.

आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा. त्याखालची नियमित रिटर्न २०२७ मध्ये भरली जातील. नवे फॉर्म, नवी युटिलिटी, कलमांचे नवे क्रमांक. प्रत्येक रकाना कायद्याशी ताडून पाहण्याचे काम आपल्या अभ्यासमंडळांनी रिटर्नचा हंगाम सुरू होण्याआधीच हाती घ्यावे. जुलैत दोष सापडला, तर न्यायालयात जाऊन तो दुरुस्त होईपर्यंत पुढचे वर्ष उजाडते, हे आपण एकदा पाहिले आहे.