बिही : आचेवर पिकणारे फळ

काष्ठौषधींच्या दुकानात 'बिहीदाणा' मागितला, की दुकानदार एकमेकांना चिकटलेल्या तपकिरी बियांची पुडी बांधून देतो. चिमूटभर बी रात्री पाण्यात भिजत घातली, की सकाळी तिचा दाट, बुळबुळीत चीक तयार होतो. कोरड्या खोकल्यावर तो देण्याची रीत युनानी वैद्यकात जुनी आहे. व्यापारी घराण्यांना ही बी परिचयाची असते. परंतु ती ज्या फळाच्या पोटात वाढते ते फळ महाराष्ट्रात फारसे कोणी पाहिलेले नसते. ते फळ म्हणजे बिही. इराणात त्याला 'बेह' म्हणतात, काश्मिरात 'बमचूंठ', इंग्रजीत 'क्विन्स' आणि पोर्तुगीजांच्या भाषेत 'मार्मेलो'.

बिही हे सफरचंद व नाशपतीचे भावंड. कॉकेशस पर्वत आणि उत्तर इराण यांच्या परिसरातून ते पश्चिमेकडे गेले आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत स्थिरावले. झाड लहानखुरे असते व एकटे असले तरी सहसा फळते. त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते, म्हणून आपल्या हवेत ते मानवत नाही. पिकलेले फळ पिवळेधमक, अंगावर करडी लव आणि सुगंध असा, की एका फळाने खोली दरवळावी. मात्र या सुगंधाला भुलून कोणी चावा घेतला, तर निराशाच पदरी येते. बहुतेक जातींचा गर कच्चा असताना लाकडासारखा टणक आणि तोंड आवळून टाकणारा तुरट असतो.

अशा फळाचे झाड अंगणात असणे ही गृहस्थाची परीक्षाच होय. सगळी फळे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या काही आठवड्यांत एकदमच तयार होतात. झाडावरून तोडून खाता येत नाहीत आणि कच्च्या मालाला गिऱ्हाईकही थोडेच. निर्दोष फळे थंड जागी, एकमेकांना न टेकवता मांडून ठेवली तर महिना-दोन महिने टिकतात. पण शेजारी सफरचंदे असतील तर त्यांना बिहीचा वास लागतो. डागी फळे तेवढीही थांबत नाहीत. त्या दिवसांत घरात राबणारे हात असतील तर वर्षाची बेगमी होते, नसतील तर सारे पीक झाडाखाली कुजते. बिहीच्या बाबतीत पीक हाती येणे हा केवळ आरंभ असतो. त्याचे मोल पुढे चुलीवर ठरते.

पोर्तुगालमधील घरांत या फळाची 'मार्मेलादा' करतात. नावावरून पातळ मुरंबा डोळ्यांपुढे येईल. प्रत्यक्षात ती सुरीने कापता येणारी घट्ट वडी असते. फळांवरची लव पुसून ती धुतात, फोडी करून थोड्या पाण्यात मऊ शिजवतात आणि गर चाळणीतून काढतात. मग त्यात साखर घालून मंद आचेवर घोटत राहतात. कालथा फिरवला असता पातेल्याचा तळ क्षणभर उघडा दिसला, की मिश्रण वाडग्यांत ओततात व वरून सुकू देतात. हे मिश्रण उकळताना उसळून हातावर उडते व भाजते, म्हणून लांब दांड्याचा कालथा हवा. स्पेनमध्येही अशीच वडी होते. तिला 'मेम्ब्रियो' म्हणतात आणि कोर्दोबा प्रांतातील पुएन्ते हेनिल हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे.

या वडीला बाहेरून काही घालून घट्ट करावे लागत नाही. बिहीत पेक्टिन हा गोठवणारा घटक भरपूर असतो. साखर आणि फळाची आंबटी यांच्या साथीने तो स्वतःच जमतो. जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनत असल्याने ते वर्ज्य मानणाऱ्या घरांसाठी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुसरे नवल रंगाचे. गर मुळात फिकट असतो. परंतु तुरटपणा आणणारी जी द्रव्ये त्यात असतात, त्यांचेच आंबट रसात दीर्घकाळ तापल्यावर लाल रंगद्रव्यात रूपांतर होते. इराणी गृहिणी बिहीचा मुरंबा करताना पातेल्याच्या झाकणाला कापड गुंडाळतात व तासन्‌तास मंद आच देतात. फोडी माणकासारख्या लाल होतात त्या यामुळे. याउलट, लिस्बनजवळच्या ओदिव्हेलास येथील मठात जोगिणी पांढरी मार्मेलादा करीत. तिचे रहस्य कमी वेळ शिजवण्यात होते. जो दोष कच्चेपणी नको वाटतो, तोच आचेने शोभेचा होतो.

यात वाया जाणारेही फारसे काही नसते. साली आणि गाभा शिजवलेले पाणी गाळून, त्यात साखर घालून आटवले, की पोर्तुगीज घरांत त्याचीच पारदर्शक, तांबूस जेली होते. बिया वाळवल्या, की तोच आपला बिहीदाणा. तो चावून वा कुटून मात्र खाऊ नये. अख्खी बी भिजवून सुटलेला चीकच वापरावा. काश्मिरात हेच फळ वांग्याबरोबर भाजीत शिजते.

टिकाऊपणाचा सारा हिशेब साखरेत आहे आणि चूक होते तीही तेथेच. साखर केवळ गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला व किण्वनाला वाव राहत नाही. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांत जॅमसाठी विद्राव्य घटकांची किमान मर्यादा ६५ टक्के आहे. घरी हे तराजूने साधता येते. पातेल्याचे वजन आधी टिपून ठेवावे. १ किलो गरात ८०० ग्रॅम साखर घातली, तर १ किलो ८०० ग्रॅमचे मिश्रण आटून साधारण १ किलो ३०० ग्रॅमवर यावे. तेव्हा हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. साखर निम्मी करून त्याच वजनावर थांबले, तर ते जेमतेम ४० टक्के भरते. अशी वडी शीतकपाटात ठेवून लवकर संपवावी लागते. वर्षाची म्हणून फडताळात ठेवली तर ती नासणार. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर काटकसर अवश्य करावी, परंतु ती बरणीत नव्हे, ताटात.

बिहीच्या या वडीने दूरचा प्रवास केला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ती पोर्तुगालमधून इंग्लंडला जात असे. तेथे पुढे संत्र्याच्या मुरंब्याला जे 'मार्मालेड' नाव मिळाले, ते तिचेच. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पण गोव्याच्या दमट हवेत बिही येणे शक्य नव्हते. मात्र अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आलेला पेरू येथे उत्तम रुजला. त्यातही पेक्टिन आहे, सुगंध आहे आणि तोही एकदम पिकून घर भरून टाकतो. बिहीची रीत पेरूला लागू झाली आणि गोव्याची 'पेराद' जन्मास आली. ब्राझीलमध्येही पेरूची 'गोयाबादा' अशीच झाली. फळ मागे राहिले, पण रीत टिकली.

महाराष्ट्रातील घरांना ही रीत सहज आपलीशी करता येईल. हंगामात पेरू स्वस्त होतो आणि टोपलीतले अर्धे फळ चार दिवसांत मऊ पडते. पिकलेल्या फळांबरोबर थोडी कच्चट फळे घ्यावीत, कारण त्यांत पेक्टिन अधिक असते. फोडी शिजवून, बिया राहणार नाहीत असा गर चाळावा. १ किलो गराला एका लिंबाचा रस घालावा. साखरेचे व आटवण्याचे प्रमाण वरीलप्रमाणेच ठेवावे. तूप लावलेल्या ताटात थापून, पूर्ण निवल्यावर वड्या पाडाव्यात आणि कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवाव्यात. चुलीपाशी दीडेक तास उभे राहावे लागते. यातला निम्मा वेळ वाचवावा असे मोठ्या आचेला वाटते आणि तळ लागतो. म्हणून एकट्या गृहिणीवर हे काम न टाकता घरातल्यांनी आळीपाळीने कालथा धरावा, आणि तराजूवरचा आकडा लहानांना वाचायला सांगावा.