तंबोऱ्यावर नाव कुणाचं?



मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ च्या मार्चअखेर भौगोलिक मानांकन मिळालं. वर्तमानपत्रं ज्याला 'जीआय' म्हणतात, ते. दोघांना वेगवेगळं मिळालं, एकत्र नाही. माझ्या घरात मिरजेचा तंबोरा आहे, त्यामुळे आनंद झालाच. पण तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतोय, तो आज लिहून टाकते.

मानांकन गावाला मिळतं. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळालं, सांगलीच्या हळदीला मिळालं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालं. ते सगळं पटतं. कांदा मातीतून येतो. अलिबागची माती, तिथली हवा, म्हणून तो कांदा तसा गोडसर. तो विदर्भात नेऊन लावला तर तसाच येईल असं नाही.

पण तंबोऱ्याचं काय? त्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातून. खायचा भोपळा नव्हे हं, कडू भोपळा. तो मुद्दाम मोठा वाढवतात, वाळवतात आणि मग मिरजेला पाठवतात. लाकूड येतं कर्नाटकातल्या जंगलांतून. तारा कारखान्यात होतात. पूर्वी घोडी हस्तिदंताची असे, त्यावर बंदी आल्यावर हाड, शिंग आणि आता फायबर. म्हणजे मिरजेच्या मातीतलं तंबोऱ्यात काहीच नाही! मिरजेचे आहेत ते फक्त हात आणि कान. मग मानांकन गावाला मिळालं खरं, पण ते कमावलं कुणी? आणि त्यांची नावं आपल्याला किती ठाऊक आहेत?

एक नाव मात्र ठाऊक असायला हवं. फरीदसाहेब शिकलगार.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान. संस्थानिकांना गाण्याबजावण्याची आवड, दरबारात कलावंतांचं येणंजाणं. वाद्यं म्हटली की बिघडणार, आणि ती दुरुस्त करायला तेव्हा उत्तरेत पाठवावी लागत. असं सांगतात की गावातच कुणी हे काम करील का, असा शोध सुरू झाला आणि तो फरीदसाहेबांपाशी येऊन थांबला. त्यांचे भाऊ मोईनुद्दीन हेही त्यांच्या जोडीला होते. दोघांनी आधी दुरुस्तीला आलेली वाद्यं उघडून पाहिली, जोडली, आणि मग स्वतः नवी करायला लागले. मिरजेतल्या सगळ्या वाद्यकारांची परंपरा तिथपर्यंत जाऊन पोचते.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी घासूनपुसून लखलखीत करणारे. त्यामुळे ही गोष्ट जिथे म्हणून छापून येते तिथे 'तलवारीकडून सतारीकडे' असं काहीतरी मथळ्यात असतंच. ऐकायला छान वाटतं. पण मला त्यात थोडी लबाडी दिसते. जणू फरीदसाहेबांना एके दिवशी शस्त्रांचा वीट आला आणि ते सुरांकडे वळले! अहो, १८१८ ला पेशवाई बुडाली. लढाया संपल्या, फौजा मोडल्या. धार लावून घ्यायला तलवारी येणार कुठून? या माणसांचं पोट ज्यावर होतं ते कामच आटत चाललं होतं. हातात कसब आहे आणि गिऱ्हाईक नाही, अशी ती वेळ. गिरण्या बंद झाल्यावर गिरणगावातल्या कामगारांवर आली तशी. फरक एवढाच की इथे हातातलं कसब नव्या कामात वापरता आलं. म्हणून मी फरीदसाहेबांकडे चमत्कार म्हणून बघत नाही. बेकारी समोर दिसत असताना ज्यांनी परक्या वस्तूचा पोटातून अभ्यास केला, असे कारागीर म्हणून बघते. माझ्या मते यातच त्यांचा मोठेपणा जास्त आहे.

आणि मला वाटतं, धार लावणाऱ्याच्या हाताला हे काम जमण्यात योगायोग नव्हता. त्यासाठी जवारी म्हणजे काय हे सांगायला हवं. (संगीतवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा!)

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, ती वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अगदी हलका, डोळ्याला जेमतेम कळणारा उतार दिलेला असतो. तार छेडली की ती थरथरताना त्या उताराला पुन्हा पुन्हा हळूच स्पर्श करते. त्या स्पर्शातून तो झणकार निघतो, एका सुरात अनेक सूर मिसळल्यासारखा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून तो स्पर्श नेमका साधायचा, ही जवारी. चंद्रशेखर रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला, नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी. तार ज्या जागी छेडू तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते वरचे सूर निघू नयेत, असं भौतिकशास्त्राचा जुना नियम सांगतो. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, आणि ते या घोडीमुळे, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे जे रामनना प्रयोगशाळेत कळलं, ते मिरजेतली माणसं कानसेनं घासून घासून आधीच करत होती. पात्याची कड दगडाला किती अंशात लागली पाहिजे हे ज्याच्या बोटांत मुरलंय, त्याला तारेची कड घोडीला कशी लागावी हे समजायला फार वेळ लागला नसावा. हा आपला माझा तर्क.

हे काम मी जवळून पाहिलंय. मिरजेचे कारागीर गावोगाव फिरून दुरुस्तीची कामं करतात. असे एक चाचा काही वर्षांपूर्वी पनवेलला आमच्या गाण्याच्या बाईंकडे आले होते, तिथून माझ्याकडे आले. माझा तंबोरा मुका झाला होता. त्यांनी तो मांडीवर आडवा घेतला, तारा सैल केल्या, घोडी बाजूला काढली आणि कानस घेऊन बसले. दोनदा घासायचं, घोडी बसवायची, तार चढवायची, छेडायची, कान द्यायचा. पुन्हा काढायची. असं किती वेळा केलं ते मोजायचं मी सोडून दिलं. चहा गार झाला. मध्ये एकदा मला वाटलं की झालं, छान वाजतोय. तर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा घोडी काढली! शेवटी जे निघालं ते ऐकून आमचे हे, ज्यांना सा आणि प मधला फरक कळत नाही, ते आतल्या खोलीतून बाहेर आले. मजुरी किती विचारली तर चाचांनी जो आकडा सांगितला, तेवढ्यात हल्ली नळ दुरुस्त करणारा दारातही उभा राहत नाही.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, हा तंबोरा कुणी केला ते सांगता येईल का? त्यांनी भोपळ्याला हात लावून पाहिला, तबलीवर टिचकी मारली, आणि काम मिरजेचंच आहे, जुनं आहे, एवढं सांगितलं. आतली चिठ्ठी केव्हाच गळून पडलेली. आणि ती असती तरी तिच्यावर दुकानाचं नाव असतं. घोडी घासणारा कोण, भोपळा कोरणारा कोण, नक्षी काढणारा कोण, हे चिठ्ठीवर नसतं.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण नाही. माझा अमेरिकेतला भाचा पेडल स्टील गिटार नावाचं एक वाद्य शिकतो. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांत हवाईयन गिटार ऐकू यायची, व्हॅन शिपले वाजवायचे ती, तिचीच ही पुढची पिढी. गिटार टेबलासारखी आडवी, तारांवरून लोखंडी दांडी सरकवायची आणि पायाखाली पायपेटीसारखे खटके. खटका दाबला की बाकीच्या तारा जागेवर आणि ठरावीक तारा तेवढ्या वर चढतात. तो मला म्हणतो, "मावशी, तुमच्या मींडेसारखंच आहे." (तितकंसं नाही, पण असो.) त्याच्याकडून पॉल बिग्सबी हे नाव कळलं. हा कॅलिफोर्नियातला यंत्रकाम करणारा कारागीर. मोटारसायकलींच्या कारखान्यात काम केलेला, शर्यतींत भाग घेणारा. त्याला गाण्याची आवड, म्हणून घरामागच्या खोलीत गिटारी करायला लागला. १९४८ मध्ये त्यानं स्पीडी वेस्ट नावाच्या वादकाला खटक्यांची स्टील गिटार करून दिली. बड आयझॅक्स या दुसऱ्या वादकानं १९५३-५४ च्या सुमाराला बिग्सबीच्याच वाद्यावर, सूर चालू असतानाच खटका दाबून तार चढवली, आणि तिथून तिकडच्या लोकसंगीताचा आवाजच बदलला. बिग्सबीची वाद्यं मिळायला वर्ष वर्ष थांबावं लागे म्हणे.

मोटारसायकलवाला गिटार करतो आणि धारवाला सतार करतो. गंमत आहे ना? दोघांनाही वाद्याचं शिक्षण नव्हतं, धातूचं होतं. पण फरक पुढे आहे. बिग्सबीच्या स्टील गिटारीवर समोरच्या बाजूला, शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आहे. वादकाकडे बघणारा प्रत्येकजण करणाऱ्याचं नाव वाचतो. १९६६ मध्ये त्यानं धंदा विकला, १९६८ मध्ये तो गेला, पण नाव बाजारात अजून आहे. मिरजेच्या तंबोऱ्यावर समोरून काय दिसतं? पानाफुलांची नक्षी. सुंदरच असते. पण नाव नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कलेवर नाव घालायची रीतच नाही, ही नम्रता आहे. मला हे मान्य नाही. गाणाऱ्याचं नाव आपण फलकावर घालतो, त्याच्या गुरूंचं, घराण्याचं घालतो, तबल्याची साथ, पेटीची साथ, ध्वनियोजना, मंडपवाला, सगळ्यांचे आभार मानतो. नम्रता फक्त कारागिराच्याच वाट्याला का?

मिरजेच्या वाद्यांची कीर्ती गवयांनी पसरवली हे खरं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मूळचे कैरान्याचे, पण मिरजेला येऊन राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. किराणा घराण्याचं सगळं गाणं सुराच्या लगावावर उभं, आणि असं गाणाऱ्याला तंबोरा किंचितही बेसूर चालत नाही. अशा गवयाच्या शेजारी राहणाऱ्या कारागिराचा कान तयार न झाला तरच नवल. म्हणजे गवयांनी वाद्यांना नाव दिलं तसं वाद्यांनीही गवयांना सूर दिला. देणंघेणं दोन्हीकडून झालं, नोंद मात्र एकीकडेच राहिली.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर तुम्ही विचाराल. पहिला बंगळुरूला १९७९ च्या सुमाराला तयार झाला, आता तर तो मोबाईलवर फुकट मिळतो. मी स्वतः पहाटे रियाजाला तोच लावते. सत्तरी ओलांडल्यावर रोज चार तारा जुळवत बसणं होत नाही, आणि माझ्या विद्यार्थिनींना लोकलमधून तंबोरा नेता येणार नाही. त्या यंत्राला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण घरोघरी एक तंबोरा, ही जी मागणी होती ती त्यानं खाल्ली. उरले ते मैफलीचे तंबोरे आणि परदेशी गिऱ्हाईक. एवढ्यावर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या किती घरांतली मुलं हे काम पुढे नेतील? 'सतारमेकर' हे तिथे आडनावही आहे. शिकलगारांचे सतारमेकर झाले. हत्याराचं नाव जाऊन वाद्याचं आलं. त्यांच्या नातवंडांचं आडनाव तेच राहील हो, काम राहील का हा प्रश्न आहे.

मानांकनानं नक्कल करणाऱ्यांना आळा बसेल, भाव बरा मिळेल. मिळो. पण मिरजेच्या उत्पादक मंडळींनी त्याच्या जोडीला एक साधी गोष्ट करावी असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक तंबोऱ्याच्या आत चिठ्ठी असू दे, तिच्यावर दुकानाबरोबर कारागिरांची नावं आणि साल असू दे. जवारी ज्यानं काढली त्याचं नाव आधी. दुरुस्तीला गेला की तिथेच पुढची ओळ लिहायची. आणि आपण गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्यांनी निवेदनात एक वाक्य वाढवायचं, 'आजचे तंबोरे अमुक यांनी केलेले'. याला खर्च काहीच नाही. आमच्या पनवेलच्या मंडळात मी हे सुचवलं, तर एकजण म्हणाले, कार्यक्रम लांबेल. त्या दिवशी सत्कारांना पाऊण तास लागला होता.

ज्यांच्या घरी जुना तंबोरा किंवा सतार असेल त्यांनी एक काम करा. विजेरी घेऊन आत बघा, चिठ्ठी शिल्लक आहे का. असेल तर जे काही वाचता येईल ते मला कळवा. ठाण्याच्या वन्संकडे एक आहे हे मला माहीत आहे. वन्सं, माळ्यावरून तो खाली काढा आता.