मांजर गोणीत घालून सोडलं, गजकर्ण गेलं का?

पावसाळा मध्यावर आला की अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. मांजराच्या कानाजवळचे केस गेले, गोल चट्टा पडला. दोन-तीन आठवड्यांत पोराच्या हातावरही तसाच चट्टा उठतो. मग ‘मांजर नको घरात’ असा निर्णय होतो. मांजर गोणीत जातं आणि पुढच्या गावाच्या वेशीवर सुटतं.

प्रश्न मिटला असं वाटतं. खरं तर तो दुसऱ्या गावाला पोचला.

कुत्र्या-मांजरांतल्या गजकर्णाचं मोठं कारण म्हणजे मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी. गळलेल्या केसांतले तिचे बीजाणू गोणपाटावर, अंथरुणावर वर्ष-दीड वर्षही टिकू शकतात. म्हणजे मांजर गेलं तरी बुरशी घरातच! काही मांजरं तर धडधाकट दिसतात, पण अंगावर बीजाणू बाळगतात. पिल्लू या घरातून त्या घरात दिलं की संसर्गही सोबत जातो. तालुक्यात रोग फिरतो तो असा, आपल्याच हातांनी.

पण प्रत्येक चट्टा मांजराचा नसतो. माणसांमध्ये देशभर पसरलेलं चिवट गजकर्ण बहुतांशी ट्रायकोफायटन इंडोटिनी या वेगळ्या बुरशीचं आहे. ते मुख्यतः माणसाकडून माणसाला, टॉवेल-कपड्यांतून होतं. जांघेत, कमरेला चट्टे असतील तर आधी घरातल्या माणसांकडे बघा.

दुसरा घोळ मलमाचा. मेडिकलमधून आणलेल्या मिश्र ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉईड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र फोफावते. 2018 मध्ये केंद्राने 14 स्टिरॉईड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी ट्यूब मागून घेण्याची सवय गेलेली नाही. तीच ट्यूब मांजराला लावली की ते अंग चाटतं आणि औषध पोटात जातं. कुत्र्याचे केस गेले की लूत समजून जळकं ऑईल चोपडतात. लूत किड्यांमुळे होते, गजकर्ण बुरशीमुळे. आणि ऑईल दोन्हींवर औषध नाही, उलट विषारी आहे.

उपाय आहे, पण चिकाटीचा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोळ्या आणि औषधी अंघोळ, बहुधा दीड-दोन महिने किंवा जास्तच. तोवर जनावर वेगळं ठेवायचं, अंथरूण धुवायचं, केस झाडून गोळा करायचे. दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन करून विचारावं.

प्रशासनानेही एक साधी गोष्ट करावी. आरोग्य केंद्रात ‘घरात मांजर-कुत्रं आहे का?’ आणि पशुदवाखान्यात ‘घरात कुणाला चट्टे आहेत का?’ हे विचारलं जावं. दोन्ही विभाग जिल्हा परिषदेत आहेतच. एकाच घरातले दोन रुग्ण वेगवेगळ्या दारांत जातात आणि कुणी जोड लावत नाही, तोवर गोणी या वेशीवरून त्या वेशीवर फिरत राहणार.