जत्रा कोणाची, कुटुंब कोणाचे?

वारसा हा शब्द अलीकडे फार बोलला जातो. गावोगावी वारसा फेऱ्या निघतात, हिवाळी महोत्सव भरतात आणि निमंत्रणाच्या पत्रिकेवर 'सहकुटुंब या' असा आग्रह असतो. अशा कार्यक्रमांना आमचा विरोध नाही. ते व्हावेत, वाढावेत असेच आम्हाला वाटते. मात्र आमचे दोन सवाल आहेत. हा वारसा नेमका कोणाचा? आणि ज्या कुटुंबाला बोलावणे आहे, ते कुटुंब कोणाचे? पहिला सवाल महोत्सव भरवणाऱ्यांना आहे. दुसरा त्यांना आहेच, पण त्याहून अधिक तो आपल्या मोहल्ल्याला आहे.

आमची देवळाली कॅम्पची गोष्ट घ्या. १८६१ साली ब्रिटिशांनी येथे लष्करी छावणी वसवली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई बोटीची वाट पाहत येथे थांबत. सैन्य नेणाऱ्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. बोट हुकली की उन्हाळा, पावसाळा येथेच काढायचा. हाताला काम नाही, वर उन्हाचा तडाखा आणि तापाची साथ. त्यात काहींची डोकी फिरली. इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द या देवळालीचाच अपभ्रंश आहे. मुळात तो 'डूलॅली टॅप' असा होता. हा टॅप म्हणजे आपला तप, मराठीतला ताप. बीबीसीने १९७४ पासून देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकाही चालवली. साहेबाच्या कंटाळ्याचीसुद्धा अशी जगभर नोंद झाली.

पण त्या साहेबाला उन्हाळ्यात पाणी कोणी पाजले? छावणी काही केवळ साहेबावर चालत नाही. मशक पाठीवर घेऊन फिरणारा भिस्ती, भटारखान्यातला खानसामा, वर्दी शिवणारा दर्जी, घोड्याला नाल ठोकणारा नालबंद, भट्टीवरचा नानबाई, टांगेवाला, धोबी, झाडूवाला, दगड फोडणारा वडार, या साऱ्यांच्या घामावर हिंदुस्थानातली प्रत्येक छावणी उभी राहिली. त्यात मुसलमान होते, महार होते, वडार होते, ख्रिस्ती होते. लॅम रोडवरचे बंगले वारसा ठरतात, पारशी आणि गुजराती शेठांची आरोग्यधामे वारसा ठरतात. ती आहेतही. मग ज्या चाळीत, ज्या गल्लीत भिस्ती आणि नालबंद राहिला, ती गल्ली वारसा का ठरत नाही? दगडाच्या कमानीलाच इतिहास असतो आणि मशकीच्या कातड्याला नसतो काय?

आणि पुरावा शोधायला दूर जायला नको. छावणीची भाषाच साक्ष देते. लष्कर, तोफ, शिपाई, हवालदार, सुभेदार, जमादार हे शब्द फारसी, अरबी, तुर्कीतून आले आणि मराठीच्या घरात कायमचे राहिले. येथे तोफखान्याचे शिक्षण देणारी भारतीय लष्कराची संस्था आहे. तिच्या तोफांच्या वार्षिक सरावाचे नाव 'तोपची' आहे. तो शब्द कोणत्या वाटेने आला हे वर्गात सांगितले की आमची मुले ताठ बसतात. ज्या मुलांना 'तुम्ही बाहेरचे' असे उठताबसता ऐकावे लागते, त्यांना आपल्या भाषेचे शब्द देशाच्या लष्कराच्या तोंडी आहेत हे कळणे ही लहान गोष्ट नाही.

महोत्सवांना आपली आठवण होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आठवण होते, पण ती ठरावीक असते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एका महोत्सवासाठी आमच्या मुलांनी छावणीतल्या भिस्त्यावर मराठीत छोटी नाटिका बसवली होती. संयोजकांनी गोड शब्दांत सांगितले, 'सर, त्यापेक्षा कव्वाली ठेवा ना. आणि तुमच्या बायकांचा बिर्याणीचा स्टॉल असेल तर उत्तमच.' कव्वाली आमची आहे आणि बिर्याणीही आमची आहे. परंतु मुसलमानाने मराठीत बोलायचे नाही, इतिहास सांगायचा नाही, फक्त गायचे आणि वाढायचे, ही वाटणी कोणी केली? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तरी आमच्या लेकराच्या तोंडचे मराठी ऐकून आजही लोकांना नवल वाटावे, याचा खेद होतो.

दुसरी गोष्ट ऋतूंची. नाशिकची रंगपंचमी पेशवेकालीन रहाडींनी रंगते, ती फाल्गुनातच. आमच्या टेकडीवरच्या खंडोबाची चंपाषष्ठी मार्गशीर्षातच. आपले सण मात्र चांद्रवर्षाचे. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत ते साऱ्या ऋतूंना भेटून सुमारे तेहतीस वर्षांनी मूळ जागी येतात. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. म्हणजे येत्या काही वर्षांत थंडीचे महोत्सव आणि रोजे एकत्र येणार. संध्याकाळी खाद्यजत्रा भरवणाऱ्यांनी इफ्तारच्या वेळेचा विचार केला, एक ओळ पत्रिकेत घातली, तर कोणाचे काय बिघडेल? समजूत दाखवण्याचा मक्ता एकाच बाजूने घेतलेला नाही, पण आपल्या बाजूने ती दाखवली गेली आहे. २८ सप्टेंबर २०२३ रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ आणि २०२५ मध्येही तेथे तसेच केले. हे वर्तमानपत्रात एक दिवस छापून येते आणि लोक विसरतात. आपण विसरू नये.

आता आपल्या घरात डोकावू. बाहेरच्यांना 'कुटुंब कोणाचे' असे विचारणाऱ्या आपल्या जलशांत कुटुंब असते का? जलसा सुरू होतो इशानंतर, संपतो मध्यरात्री. समोर पुरुष. बायका एक तर घरी, नाही तर पडद्यामागे, जेथे आवाजही नीट पोचत नाही. उरुसात गर्दी पुरुषांची, जुलूस पोरांचा, आणि त्यात आता डीजेच्या भिंती. दहावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी कानात बोळे घालून अभ्यास करते, आणि आपण म्हणतो हा पैगंबरप्रेमाचा देखावा! आमच्या वर्गातल्या मुली पुस्तकात ताजमहाल पाहतात; त्यातल्या कितीतरी जणींनी नाशिकचा शहाजहानी ईदगाह जवळून पाहिलेला नाही.

कोणी म्हणेल, हाच आपला दीन आहे. आम्ही नम्रपणे विचारतो, कोणत्या किताबात? हुजूर (स.) यांनी ईदला मुली-बायकांना, नमाज माफ असलेल्या बायकांनाही, ईदगाहवर आणण्यास सांगितल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते आणि हजरत आयेशा (रजि.) हुजुरांच्या मागे उभ्या राहून मन भरेपर्यंत पाहत होत्या, हेही त्यातच आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ईद सहकुटुंब होती. ती पुरुषांपुरती आपण केली. हाजी अलीच्या दर्ग्यात बायकांना मजारपर्यंत जाऊ देणे बंद झाले होते. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या भगिनींना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. २०१६ साली निकाल लागला आणि त्याच वर्षी त्या पुन्हा आत गेल्या. दर्ग्याचे दार उघडायला कोर्टाची चावी लागावी, ही आपल्यासाठी भूषणाची बाब नव्हे.

मेळा-जत्रा म्हणजे बिदअत, असा फतवा देणारे आणि मोहरमच्या सवारीत हिंदूंनी जाऊ नये असे सांगणारे, हे दोघे एकमेकांचे शत्रू म्हणवतात. पण काम दोघांचे एकच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उभारतात आणि कित्येक ताबूतांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. खंडोबाला भक्तांनी मल्लूखान असेही नाव दिले. ही सामासिक संस्कृती कोणा परिषदेच्या ठरावाने आली नाही. सरबताचा पेला, चोंग्याचा तुकडा आणि नवसाचे मूल यांच्यातून ती आली. दोन्हीकडच्या शुद्धीवाल्यांना ती नको आहे, कारण तिला त्यांची गरज पडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. कॅम्पात वारसा फेरी निघाली तर ती बंगल्यांवरून जावी तशी बाजाराच्या गल्लीतूनही जावी. माहिती मराठीत असावी, सोबत उर्दू आणि इंग्रजीही असावी. प्रवेशाला तिकीट नसावे; रोजंदारीवरचा माणूस पाच जणांचे तिकीट काढून 'सहकुटुंब' येऊ शकत नाही. पाणी, दिवे आणि बायकांसाठी स्वच्छ संडास यांची सोय आधी व्हावी, मंच नंतर सजावा. आपल्या जमातीने ईद मिलन दिवसा, मोकळ्या मैदानात, आया-बहिणी आणि शेजारच्या घरांसह भरवावे. डीजेचा पैसा वाचनालयाला द्यावा. आणि शाळांनी, उर्दू असो वा मराठी, मुलांना वही देऊन म्हाताऱ्यांकडे पाठवावे.

हे शेवटचे काम तातडीचे आहे. छावण्यांचे नागरी भाग वेगळे करून स्थानिक संस्थांना जोडण्याचे धोरण सरकारने २०२३ पासून अमलात आणायला सुरुवात केली. आज ना उद्या पाट्या बदलतील, दप्तरे हलतील. बंगल्यांचे कागद कोणी ना कोणी सांभाळील. भिस्त्याचा कागद नव्हताच. त्याची आठवण तेवढी त्याच्या नातवंडांजवळ आहे, आणि ती नातवंडेही आता सत्तरीला आली आहेत. त्यांना विचारायला आपण गेलो नाही, तर दुसरे कोणी जाणार नाही.